वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी फियाट परत चालू कशी करायची (आणि चावीला हात सगळ्यात शेवटी का)

दर महिन्या-दोन महिन्याला कुणाचा तरी फोन येतोच. भावा, मामांच्या गोठ्यात फियाट पद्मिनी हाय, बारा-पंधरा वर्षं उभी, परवा नवी बॅटरी टाकली, सेल्फ मारला, जरा फिरलं आणि कट्टकन आवाज आला, आता काय करू? आता काय करणार, आता इंजिन खोलायचं. गाडी उभी राहून जेवढी बिघडत नाही तेवढी ती पहिल्या पाच मिनिटांच्या उत्साहात बिघडते. आपल्याकडं खटक्यावर बोट आणि जाग्यावर पलटी हा कौतुकाचा विषय असला तरी जुन्या गाडीच्या बाबतीत ते जसंच्या तसं खरं होतं, खटका दाबला की इंजिन पलटी.

दसऱ्याला न्यू पॅलेसवरून छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात आली की पुढचे पंधरा दिवस निम्म्या कोल्हापूरला जुन्या गाडीचा नाद लागतो. नाद असू दे, पण काम क्रमाने करा. खालचं सगळं फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी डोक्यात ठेवून लिहिलंय (१०८९ सीसीचं तेच इंजिन), पण अँबेसिडर, जीप, स्टँडर्ड हेराल्ड, कुठल्याही कार्बोरेटरवाल्या गाडीला क्रम हाच. आधी कागद, मग गाडी घरी, मग ब्रेक, मग इंजिन हाताने, मग करंट, मग पेट्रोल आणि शेवटी चावी. बहुतेक लोक बरोब्बर उलटं करतात.

## १. पैसे देण्याआधी कागद

यात जास्त वेळ घालवत नाही. आरसी बुक बघा, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः हाताने घासून, चिखल काढून वाचा, आरसीवरचा आणि गाडीवरचा एकेक आकडा जुळवा. इंजिन बदललेलं असेल आणि कागदावर नोंद नसेल तर ते काम विकणाऱ्याच्या गळ्यात घाला, तुमच्या नको. मालक वारलेले असतील तर वारसांच्या सह्या आधी, टोकन नंतर. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि मग दर पाच वर्षांनी, ते किती वर्षं थकलंय आणि फी-दंड किती होतोय हे आरटीओत विचारूनच भाव ठरवा.

पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणून नोंदवता येतं, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी वीस हजार ठेवलेली होती. पण एक गोष्ट लोक वाचतच नाहीत, विंटेज नोंदणीची गाडी रोज ऑफिसला न्यायची नसते, ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं असल्या कामासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज वापरायची असेल तर साधं रिन्यूअलच बरं.

## २. गाडी घरी आणायची, ती पण ओढत नाही

दोरी बांधून ट्रॅक्टरमागं ओढून आणू नका. ब्रेक नाहीत, स्टेअरिंग जाम आहे, टायर चिरलेत आणि मागं बसलेला पाहुण्यांचा पोरगा व्हिडिओ काढतोय, हे मी स्वतः बघितलंय. सपाट फळीची गाडी बोलवा, त्यावर चढवून आणा.

हलवायच्या आधी चारही चाकं मोकळी फिरतात का बघा. हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी असली तर मागच्या ब्रेकचे लायनर (घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमला चिकटलेले असतात. मागून ब्रेकचं अॅडजस्टमेंट सैल करायचं, ड्रमच्या कडेने लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकायचं, सुटतं. ताकदीने ओढलं तर लायनर पत्र्यावरून उचकटून येतात.

आणतानाच फोटो काढा. बॉनेटखाली प्रत्येक वायर, प्रत्येक पाईप. आठवड्याने तुम्हाला वाटेल आपल्याला आठवतंय, नाही आठवत. आणि डिकीत, सीटखाली पडलेला एकही खिळा-स्क्रू टाकू नका, एका खोक्यात भरा. चाकावरची टोपी, दरवाजाचं हँडल, काचेची क्लिप, हे कचरा समजून भंगारात घालतात आणि मग वर्षभर तेच शोधत हिंडतात.

## ३. दोन दिवस नुसतं बघा

पाना हातात घ्यायचा नाही. टॉर्च घ्या आणि बघा.

उंदीर-घुशींनी एअर क्लिनरमध्ये, हिटरच्या पेटीत, सायलेन्सरच्या तोंडात घर केलेलं असतं. वायरिंग कुरतडलेलं असतं आणि ते डॅशबोर्डच्या मागंच असतं, जिथं हात पोचत नाही. फ्लोअर पॅन (पायाखालचा पत्रा) बोटाने नाही, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका, खणखणीत वाजला तर पत्रा, भदभद वाजला तर नुसता रंग आणि पुट्टी. आपल्याकडं पावसाळा चार महिने, गोठ्यातली जमीन ओली, त्यामुळं वरून छान दिसणारी गाडी खालून चाळण झालेली असते.

पुरातली गाडी असेल तर वेगळा हिशोब. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली या भागात ज्या गाड्या पाण्यात होत्या त्यातल्या काही आज "एकदम ओरिजिनल" म्हणून विकायला येतात. दरवाजाच्या पॅडच्या मागं, मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये गाळाची रेघ बघा, पिवळट माती सापडली की समजा. अशा गाडीचं गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सेलचं ऑइल आधी काढा, चहासारखं पांढुरकं निघालं तर बेअरिंगचा खर्च धरूनच बोला.

## ४. ब्रेक आधी, इंजिन नंतर

यावर माझं सगळ्यांशी भांडण होतं. सगळे म्हणतात आधी इंजिन तर चालू होऊ दे, मग ब्रेकचं बघू. इंजिन चालू झालं की माणूस थांबत नाही हो. गल्लीत एक राऊंड मारूया म्हणतो, आणि जुन्या फियाटला बहुधा ब्रेकची एकच लाईन, एका चाकाचं सिलिंडर फुटलं की चारही चाकांचे ब्रेक गेले. पेडल खाली जातं आणि समोर शाळेची रिक्षा.

करायचं काय तर,

- चारही ड्रम काढा. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ती फुफ्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.
- व्हील सिलिंडर (चाकातलं) आणि मास्टर सिलिंडर (पेडलचं) खोला. उभ्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आतून गंज खड्डे पाडतो. बोटाच्या नखाला खड्डा लागला की नुसतं रबर किट टाकून उपयोग नाही. नवीन मिळालं तर नवीन घ्या, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात ब्रासची स्लीव्ह बसवून देणारे लेथवाले आहेत, नमुना आणि नवीन रबर दोन्ही बरोबर न्या म्हणजे माप त्यावरूनच धरतील.
- रबराचे होज पाईप बाहेरून चांगले दिसले तरी बदला. ते आतून फुगतात, पेडल दाबलं की ऑइल जातं पण परत येत नाही, मग ब्रेक लागून राहतो आणि तुम्ही चाक बेअरिंग बदलत बसता.
- लोखंडी पाईप गंजले असतील तर तेही. सोल्डर करून ब्रेकचा पाईप जोडणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

धोका: ब्रेकची रबरं पेट्रोलने किंवा डिझेलने धुवायची नाहीत, फुगून अडकतात. ब्रेक ऑइलनेच धुवायची. आणि कमी पडलं म्हणून इंजिन ऑइल ओतलं तर सगळं परत उघडावं लागेल, पुन्हा पहिल्यापासून.

ब्रेकच्या लाईनमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करायचं. म्हणजे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी ड्रायव्हरच्या बाजूचं. एकजण पेडलवर, एकजण चाकामागच्या निप्पलला, आणि ब्रेक ऑइलची वरची बाटली मध्ये रिकामी होऊ द्यायची नाही, झाली की पहिल्यापासून.

तपासा: पेडल पूर्ण ताकदीने दाबून एक मिनिट धरून ठेवा. पाय हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळतंय, किंवा मास्टरच्या आतलं रबर सोडतंय. हे ठीक होईपर्यंत पुढं जायचं नाही.

टायरचं पण इथंच बघून घ्या. साईडला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २००० च्या आधीच्या टायरला तीनच आकडे. नक्षी कितीही शिल्लक असू दे, दहा वर्षांपुढचा टायर अंगणात गाडी ढकलायला ठीक आहे, रस्त्यावर नाही.

## ५. इंजिन हाताने फिरवा

प्लग काढायच्या आधी प्लगच्या खड्ड्यातली माती फुंकून काढा, नाहीतर तीच सिलिंडरमध्ये पडते. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून निम्मं डिझेल निम्मं इंजिन ऑइल असं मिश्रण तीन-चार चमचे सोडा आणि भोकांवर फडकं टाकून दोन-तीन दिवस गाडीला विसरा. हे दोन-तीन दिवस कुणालाच निघत नाहीत, पण पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात, त्यांना सुटायला वेळ लागतो.

मग पुढच्या क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हळूच फिरवायचं. एकदा थोडं पुढं, थोडं मागं, परत पुढं. सुटलं तर छान. नाही सुटलं तर आणखी मिश्रण, आणखी चार दिवस. पाइप लावून लांब पान्याने जोर करायचा नाही, आणि गिअरमध्ये टाकून टोचन लावून ओढायचं तर अजिबात नाही, रिंगा तुटून बाहेर येतात.

आता माझी चूक सांगतो. पहिली पद्मिनी घेतली तेव्हा इंजिन हाताने मस्त फिरलं, मी खूश, लगेच बॅटरी लावली. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला होता, सेल्फ मारल्याबरोबर पुशरॉड (व्हॉल्व्ह हलवणारी दांडी) वाकला, वाकून उडाला, आणि तो शोधायला टॅपेट बाजूने हात घालून मी अर्धा रविवार घालवला. वरचं झाकण काढून बघितलं असतं तर पाच मिनिटाचं काम होतं.

म्हणून रॉकर कव्हर, म्हणजे ते वरचं झाकण, काढाच. इंजिन हाताने फिरवत रहा आणि आठही व्हॉल्व्ह खाली जातात आणि परत वर येतात का बघा. खाली जाऊन तिथंच राहिला तो अडकलेला. त्याच्या दांड्यावर डिझेल सोडा, प्लास्टिकच्या हातोडीने हलकंच टिचकी मारा, परत फिरवा. आठच्या आठ मोकळे हलेपर्यंत सेल्फला करंट द्यायचा नाही.

खालून जुनं ऑइल काढा. डांबरासारखं काळं असेल तर चालतंय. पांढुरकं असेल तर पाणी गेलंय. पेट्रोलचा वास येत असेल तर एसी पंपाचा (इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा) पडदा फाटलेला आहे. नवीन फिल्टर, नवीन २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ऑइल. महागाचं पातळ सिंथेटिक टाकू नका, जुन्या सीलमधून गळायला लागेल आणि तुम्ही इंजिनला दोष द्याल.

## ६. पाणी

रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं असतं, आत चुन्यासारखा थर बसलेला असतो. खालचा पाईप काढून नळीने उलट्या बाजूने धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. सगळे रबर पाईप आणि क्लिप नवीन. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येत असेल तर पंपाचं सील गेलंय. शेवटी कूलंट आणि चांगलं पाणी. इथं फार काही नाही, पण लोक हे सोडून देतात आणि मग भर उन्हात बॉनेट उघडून उभे राहतात.

## ७. करंट

बॅटरी जोडण्याआधी कुठलं टोक बॉडीला आहे ते बघा. पद्मिनीला बारा व्होल्ट आणि निगेटिव्ह बॉडीला, पण जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह बॉडीला असायचं आणि जुन्या अमेरिकन जीपमध्ये सहा व्होल्ट. सवयीने जोडली की डायनामो, मीटर, सगळ्याचा धूर. ट्रकच्या चोवीस व्होल्टवरून जंप देणारा कितीही जवळचा मित्र असू दे, नको म्हणा.

पहिल्यांदा बॅटरीच्या वायरमध्ये एक टेस्ट लॅम्प लावा. सगळे खटके बंद असताना लॅम्प पेटला तर कुठंतरी वायर बॉडीला टेकतीय. उंदराने खाल्लेली वायर इथंच सापडते, आग लागल्यावर नाही.

डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा आतला खटका) बारीक पॉलिश पेपरने घासा, गॅप साधारण ०.४५ मिमी, प्लगचा गॅप ०.६ मिमी. फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) विकत घ्या, लोक व्हिजिटिंग कार्डने गॅप लावतात आणि मग गाडी मिसिंग मारते म्हणून कार्बोरेटर खोलतात. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने. दोन वायरी उलट लागल्या की सायलेन्सरमधून जो आवाज येतो त्याने गल्लीतली कुत्री उठतात.

तपासा: प्लग काढलेलेच असू द्या, कॉइलची वायर सोडा आणि आता सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंद, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. दिवा विझला म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचलं. नाही विझला तर पुढं जायचं नाही, आधी कारण शोधा.

## ८. पेट्रोल

टाकीतलं जुनं पेट्रोल उपसून काढा, त्याला वॉर्निशसारखा वास येतो, ते इंजिनात गेलं तर व्हॉल्व्ह परत चिकटतात. टाकी उतरवा, आतून बघा. गंज असेल तर साफ करणं वेगळं काम आहे, सध्या बाजूला ठेवा.

धोका: टाकीला भोक असलं तरी वेल्डिंगवाल्याकडं तशीच नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, बॉम्बसारखी फुटते. हे काम ज्याला टाकीच्या कामाची माहिती आहे त्याच्याकडूनच.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती, ती मऊ पडतात आणि भुगा होऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) अडकतात. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी पाईप इथेनॉलला चालणारा घ्या, एसी पंपाचा पडदा नवीन, कार्बोरेटरचं किट नवीन, मध्ये एक साधा पारदर्शक फिल्टर. आणि हे पेट्रोल पाणी धरतं, त्यामुळं गाडी परत महिनाभर उभी राहणार असेल तर ते टाकीत तसंच सोडून ठेवायचं नाही.

कार्बोरेटरचे जेट तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. हवेने आणि क्लीनरने साफ करा. फ्लोट (आतला तरंगणारा डबा) पाण्यात बुडवून हलवून बघा, आत पेट्रोल खळखळत असेल तर फुटलाय.

पहिल्या स्टार्टला गाडीची टाकी वापरायची नाही. मिस्त्री लोक याला सलाईन लावणं म्हणतात, एका झाकणाच्या कॅनमध्ये लिटरभर ताजं पेट्रोल, त्यात एसी पंपाकडे जाणारा पाईप. कॅन सायलेन्सरपासून लांब आणि घट्ट बांधलेला. कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतणारा दिसला की त्याला बाजूला करा, एक बॅकफायर झाला की भुवया जातात, कधी गाडीही.

## ९. आता चावी

गाडी उघड्यावर, बंद शेडमध्ये नाही. एकजण आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभा, मोबाईल घेऊन नाही. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाखाली दगड.

चोक ओढा, सेल्फ मारा. पेट्रोल वर यायला वेळ लागतो, दहा-दहा सेकंदांचे सहा-सात प्रयत्न होतील, घाबरू नका. पेटली की रेस करायची नाही. आपल्याकडं चालू झाली की लगेच घुम्म घुम्म करायची सवय आहे, पहिल्या मिनिटात ते म्हणजे कोरड्या सिलिंडरवर पॉलिश पेपर मारणं. पहिल्यांदा ऑइलचा दिवा बघा, पाच-दहा सेकंदात विझला नाही तर लगेच बंद.

निळा धूर येईल, भरपूर येईल, शेजारच्या काकू येतील. तुम्ही सोडलेलं मिश्रण जळतंय, दहा-पंधरा मिनिटांत कमी होतो. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलंय. टकटक वरून येत असेल तर टॅपेट, खालून दणदण येत असेल तर बंद करा आणि माणूस बोलवा.

वीस मिनिटं चालू द्या, गरम होऊ द्या, वरचा पाईप हाताला गरम लागतो का बघा, खाली वाकून पेट्रोल, पाणी, ऑइल कुठं गळतंय का बघा. मग बंद.

क्लच दाबून गिअर पडतच नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटलीय. गरम इंजिन बंद करून, मागची चाकं स्टँडवर उचलून, पुढच्या चाकांना दगड लावून, गिअरमध्ये टाकून, क्लच पूर्ण दाबून स्टार्ट करायची आणि ब्रेक मारायचा, दोन-चार वेळात सुटते. जॅकवर नाही, स्टँडवर. आणि पुढं कुणी उभं राहायचं नाही.

## १०. पहिले शंभर किलोमीटर

पहिली चक्कर मोकळ्या प्लॉटवर, वीसच्या स्पीडने, पाच-सहा वेळा कचकचीत ब्रेक मारून, गाडी एका बाजूला ओढत नाही ना बघायला. रंकाळ्यावर सकाळी फिरायला गर्दी असते, ते फोटोला चांगलं, ट्रायलला नाही. पन्हाळा आणि जोतिबाचा चढ पहिल्या दिवशी तर नकोच, चढताना तापते आणि उतरताना ड्रम ब्रेक तापून पेडल लाकडासारखं होतं, तिथं ब्रेकवर नाही, दुसऱ्या गिअरवर उतरायचं असतं आणि ती सवय आता कुणाला राहिलेली नाही. कारखाने चालू असताना ऊसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागं अडकायचा रस्ताही टाळा, दहाच्या स्पीडने रेडिएटरला हवा लागत नाही.

प्रत्येक चक्कर झाली की हाताचा तळवा ड्रमजवळ न्या. चारही साधारण सारखे गरम पाहिजेत, एक चटका देत असेल तर तो ब्रेक लागून राहतोय. चाकाचे नट परत आवळा. गार झाल्यावर पाणी, ब्रेक ऑइल बघा. शंभर किलोमीटर झाले की इंजिन ऑइल परत काढा, अजून नवीन दिसत असलं तरी, आणि फिल्टर कापून आत चमकणारा चुरा आहे का बघा. चुरा नसेल तर टॅपेटचं क्लिअरन्स आणि पॉइंटचा गॅप परत तपासून घ्या, नवीन पॉइंट टाकला असेल तर तो सुरुवातीला झिजतो. पीयूसी, इन्शुरन्स मात्र रस्त्यावर न्यायच्या आधीच, आणि हे सगळं झाल्यावर पेंटरकडं. रंगाचं काम आधी करून बसलेल्यांनी ब्रेक ऑइल सांडून नव्या रंगाचे फोड काढलेले मी तीनदा बघितलेत.